उजवी बाजू मोकळी

४ फेब्रुवारी

वहिनी,

तुला ऑफिसातून रीतसर ई-मेल पाठवला. सगळं नीट समजावून सांगितलं, खाली ‘आपली नम्र’ वगैरेही लिहिलं. त्यावर तुझं उत्तर आलं एका शब्दाचं. ‘नाही.’ खाली नाव नाही, गाव नाही. आमच्या साहेबांनी ते मला मोठ्याने वाचून दाखवलं आणि विचारलं, ‘या बाई तुमच्या कोण?’ मी म्हटलं, ‘भावजय.’ ‘मग तुम्हीच निस्तरा,’ म्हणाले. म्हणून आता घरून, कागदावर लिहितेय. ऑफिसच्या ई-मेलमध्ये चार जणांची नाकं असतात, आणि आपलं भांडण आपल्या दोघींतच बरं.

पुन्हा सांगते. आमच्या संस्थेकडे रुग्णमंडळांच्या लहानलहान वेबसाइट आहेत. हृदयवाल्यांची वेगळी, दमेकऱ्यांची वेगळी, आणि अर्धांगाचा झटका येऊन वाचा गेलेल्यांसाठी तू चालवतेस ती ‘सावकाश’. या सगळ्या बंद करून एकच मोठी साइट होणार आहे. जुनी पानं उचलून नव्या साइटवर आणायचं काम माझ्या विभागाकडे आलंय. तुझा मजकूर शब्दाला शब्द तोच राहील. बदलेल ती फक्त मांडणी. आम्ही पानाचे साचे बनवलेत, वर चित्रांची सरकती पट्टी, मध्ये तीन रकाने, उजवीकडे शोध, मदत, संपर्क. सगळ्यांना तोच साचा. तुझे शब्द त्यात ओतले की झालं.

खरं सांगू? तुझी पानं बघून साहेब म्हणाले, ‘एक चित्र, एक ओळ, आणि उजवीकडचं अर्धं पान कोरं! आपण काय वह्या विकतो?’ मी तुझी बाजू घेतली हं. म्हटलं, त्यांचं आयुष्य पेपरात पानं लावण्यात गेलंय, त्यांना मोकळ्या जागेची हौस आहे.

जुनी साइट ३१ मार्चला बंद होईल. तेव्हा आत शिरायचा पासवर्ड तेवढा कळव. उगाच माझ्या नोकरीशी खेळू नकोस.

दादा कसा आहे?

तुझी नणंद


११ फेब्रुवारी

वन्सं,

(हो, वन्संच म्हणणार. तुला राग येतो म्हणूनच म्हणणार.)

तुझं पत्र मी तुझ्या भावाला वाचून दाखवलं. वकीलसाहेबांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘मुद्दा काय?’ झटका आल्यापासून एवढं एकच वाक्य त्यांच्याकडे शाबूत राहिलंय, ते तुला ठाऊकच आहे. चहा देऊ का विचारलं तरी ‘मुद्दा काय?’, पाठ चोळून दिली तरी ‘मुद्दा काय?’ जन्मभर कोर्टात ज्या वाक्याने समोरच्याला घाम फोडला, नेमकं तेच उरावं! पण या वेळी मात्र मला वाटलं, बरोबर बोलले.

मुद्दा हा, की पासवर्ड मिळणार नाही.

हौस म्हणे! अगं, पेपरात माझा जन्म गेला मोकळी जागा भरण्यात. दोन बोटं जागा उरली की तिथे कसली तरी चौकट कोंबायची, हाच माझा धंदा होता. मोकळ्या जागेची हौस असती तर मला पहिल्याच आठवड्यात हाकललं असतं.

ऐक, ती मांडणी कुठून आली ते. इस्पितळातून घरी आल्यावर वकीलसाहेबांनी सवयीने पेपर उघडला. मी भाजी चिरता चिरता बघत होते. पान काही उलटेना. नजर एका ओळीवरून दुसरीवर घसरत होती, सापडलेला शब्द पुन्हा हरवत होता. शेवटी त्यांनी पेपराचा बोळा करून माझ्या अंगावर फेकला. मी बुटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेतला, त्याला एका ओळीएवढी खिडकी कापली आणि बातमीवर ठेवली. एक ओळ वाचली. खिडकी खाली सरकवली, दुसरी वाचली. ‘उद्या पाणीपुरवठा बंद राहील’ एवढं त्यांनी स्वतः वाचलं आणि बोट दाखवून मला बादल्या भरायला लावल्या. पाणी जाणार म्हणून आनंदाने रडलेली बाई तू पाहिली नसशील.

‘सावकाश’चं प्रत्येक पान म्हणजे ती खिडकी आहे. एक चित्र, एक ओळ, खाली एक मोठं बटण. काही सरकत नाही, काही लुकलुकत नाही. आणि उजवी बाजू मोकळी का, ते तुला मी सांगायला नको. तू येऊन बघून गेलीयेस.

रोज सकाळी वकीलसाहेब लॅपटॉप स्वतः उघडतात आणि आपलं पान स्वतः वाचतात. ‘गोळी घ्यायची आहे.’ ‘घास अडकला तर.’ ‘राग आला तर.’ अख्ख्या दिवसात कुणाच्या हाताशिवाय होणारी त्यांची हीच एक गोष्ट आहे. बाकी आंघोळीपासून बटणं लावण्यापर्यंत सगळ्याला मी लागते. ती एक गोष्ट मी तुझ्या तीन रकान्यांत बुडू देणार नाही. तुझ्या साहेबांना माझा तोच शब्द पुन्हा कळव, आणि या वेळी खाली नाव घाल, ‘वकिलाची बायको’.

दादा बरा आहे. विचारलंस हे बरं केलंस.

वहिनी


२० फेब्रुवारी

वहिनी,

उजवी बाजू मोकळी का, ते मला सांगायला नको, म्हणतेस. टोमणा पोचला.

हो, आले होते मी. दिवसभराचा प्रवास करून आले होते. त्याच्या उजव्या हाताच्या खुर्चीत बसले आणि अख्खी दुपार एकटीच बडबडले. आणि माझ्या सख्ख्या भावाने माझ्याकडे मान वळवली नाही. तुझ्याकडे बघितलं, खिडकीकडे बघितलं, तुझ्या त्या मरतुकड्या मांजराकडेसुद्धा बघितलं. मी विणलेला मफलर त्याच्या हाताशी ठेवला, तो त्याने उचललाही नाही. निघते म्हटलं, तर खिडकीला विचारलं, ‘मुद्दा काय?’

मी समजायचं ते समजले. नोकरीसाठी एवढ्या लांब निघाले तेव्हा तो दारात उभा राहून म्हणाला होता, ‘जा. पण मग येऊ नकोस.’ मला वाटलं होतं, रागाच्या भरात बोलला. पण दादा शब्दाचा पक्का. म्हणून पुन्हा आले नाही. त्याच्या उजवीकडच्या मोकळ्या जागेची आठवण तू मला अशी करून देशील, हे मात्र माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

असो. कामाचं बोलते. तुझा पासवर्ड लागलाच नाही. साइट जिथे ठेवलीये ती यंत्रं संस्थेची आहेत, त्यामुळे ‘सावकाश’ची सगळी पानं आम्ही इकडे उचलून आणली. नवीन साइट अजून लोकांसाठी उघडलेली नाही, पण तुला बघता येईल. पत्ता सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलाय. मी स्वतः यादी लावून तपासलंय. एक वाक्य गळालेलं नाही, एक काना इकडचा तिकडे नाही. माझ्यावर नाराज राहा, पण काम चोख झालंय एवढं तरी कबूल कर.

नणंद


१ मार्च

अगं वेडे,

(आज वन्सं नाही.)

तुझं पत्र वकीलसाहेबांना वाचून दाखवायला बसले आणि मफलरापाशी अडले. पुढे वाचवेना. ते ‘मुद्दा काय? मुद्दा काय?’ करत राहिले, मी नळ गळतोय असं काहीतरी सांगून आत पळाले.

आता नीट ऐक. तुझ्या दादाला उजवीकडचं दिसत नाही. डोळे ठणठणीत आहेत, बिघाड मेंदूत आहे. झटक्याने वाचा गेली, उजवा हात लुळा पडला, तशी दोन्ही डोळ्यांची उजवी अर्धी बाजूही गेली. ताटातलं डावीकडचं संपवून ते हात धुवायला निघतात. मी ताट फिरवते, तेव्हा त्यांना कळतं की अजून जेवण शिल्लक आहे. दाराची उजवी चौकट खांद्यावर आदळते. आता मान वळवून बघायला शिकलेत, पण तू आलीस तेव्हा नुकतंच घडलं होतं, तेवढंही त्यांना सुचत नव्हतं. मी धरून चालले की तुला माहीत आहे. आमच्या घरात हे इतकं रोजचं झालंय की तुला सांगायचंच राहिलं, हे मला तुझं पत्र वाचून कळलं.

तू त्यांच्या उजवीकडे बसली होतीस गं. त्यांना तू दिसलीच नाहीस. खिडकीकडे बघत होते ते तुझा आवाज कुठून येतोय ते शोधत होते. तू गेल्यावर मी तो मफलर ताटासारखाच डावीकडे आणून हातात दिला. किती तरी वेळ नाकाशी धरून बसले होते. अख्खी थंडी गळ्यातून काढला नाही, धुवायला मागितला तर माझ्या हातावर फटका मारला.

म्हणून उजवी बाजू मोकळी. आणि मला टोमणा मारायचा असेल तर मी तोंडावर मारते, त्यासाठी वेबसाइट कशाला काढत बसू?

रडून झालं असेल तर डोळे पूस, कारण आता भांडायचंय. तुझं ते चोख काम उघडून बघितलं. माझ्या प्रत्येक पानाच्या तळाशी एक तुकडा असतो. हाताच्या उघड्या पंजाचं चित्र, ‘घाई नाही. पुन्हा वाचा.’ ही ओळ, आणि परत जायचं बटण. तो मी एकदाच बनवला आणि सगळ्या पानांवर त्याच्या नंबराने बोलावला, म्हणजे एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. तुम्ही पानं उचललीत, पानांवरचा नंबर उचललात, आणि तुकडा इथेच विसरलात! आणि तुमच्या साइटवर त्या नंबरावर कोण बसलंय माहितीये? तुमचे अध्यक्ष! ‘घास अडकला तर पुढे वाका, खोका’ आणि खाली अध्यक्ष कुणाशी तरी हात मिळवतायत, ‘आपल्या येण्याने आम्हाला आनंद झाला.’ ‘बाथरूममध्ये पडलात तर’, आनंद झाला. ‘रडू आवरत नसेल तर’, फारच आनंद झाला. एक काना इकडचा तिकडे नाही म्हणे!

वकीलसाहेबांना अर्धेच अध्यक्ष दिसले, हवेशी हात मिळवणारे. पोट धरून हसले. मग परत जायचं बटण शोधायला लागले. आपलं तुकड्याबरोबर मागे राहिलं, आणि तुमच्या साच्यातलं उजवीकडे आहे. काचेवर बोट फिरवत राहिले, मी मध्ये पडू लागले तर मला ढकललं. शेवटी लॅपटॉप मिटला. दुसऱ्या दिवशी सकाळी उघडला नाही. मी आपली जुनी साइट लावून समोर ठेवली, तरी तिच्याकडे पाठ करून बसले. आजही उघडलेला नाही. अगदी पहिल्या दिवसासारखा पेपर घेतात आणि फेकतात.

तेव्हा ३१ मार्चला बंद करायची ती खुशाल करा. मी एकेक पान हाताने उतरवीन. पुठ्ठ्यावर लिहून भिंतीवर लावायची वेळ आली तर तेही करीन. पण तुमच्या साच्यात माझा नवरा बसणार नाही. हे तुझ्या साहेबांना सांग, अध्यक्षांना सांग, आणि सांगताना आवाज चढव.

वहिनी


१२ मार्च

वहिनी,

पत्र जिन्यातच फोडलं आणि जिन्यातच बसले. शेजारच्या बाई वर जाता जाता म्हणाल्या, ‘बरं वाटत नाही का?’ मी म्हटलं, ‘खूप बरं वाटतंय,’ आणि भोकाड पसरलं. त्यांनी घाईघाईने दार लावून घेतलं.

मफलर टोकाला उसवत असेल. मला शेवटची गाठ कधी नीट मारता आली नाही.

दुसऱ्या दिवशी एक पुठ्ठा घेऊन ऑफिसात गेले, माझ्या स्क्रीनची उजवी बाजू झाकली आणि तशीच कामाला बसले. वहिनी, आमच्या साइटवर काहीही सापडत नाही गं! शोध उजवीकडे. मदत उजवीकडे. ‘अक्षर मोठं करा’ हे बटणसुद्धा उजवीकडे! वाक्य अर्ध्यात तुटतं आणि पुढचं कुठे गेलं ते शोधेपर्यंत वरची पट्टी सरकते. दुपारपर्यंत माझं डोकं भणभणायला लागलं, आणि मला तर पुठ्ठा काढून फेकता येतो.

साहेब आले. ‘स्क्रीन फुटली का?’ म्हणाले. त्यांना खुर्चीत बसवलं आणि सगळं सांगितलं. म्हणाले, ‘हे पाहा, एका माणसासाठी साचे बदलत नसतात.’ मी म्हटलं, ‘एक माणूस कुठला? ही पानं ज्यांच्यासाठी आहेत त्यांच्यात असे ढिगाने आहेत!’ म्हणाले, ‘आपण सरासरी वाचक धरून चालतो.’ मी म्हटलं, ‘सरासरी वाचकाला झटका आला की त्याने कुठे जायचं?’ त्यावर ते पाणी प्यायले. तारीख मात्र हलली नाही. निदान ‘घास अडकला तर’खालचे अध्यक्ष तरी काढू द्या म्हटलं, तर त्यांना काढायला वरून परवानगी लागते म्हणे.

तुकडा मागे राहिला ही चूक माझी. मी वाक्यं तपासली, पानं उघडलीच नाहीत. आता ती निस्तरते.

हाताने उतरवत बसू नकोस. आत शिरलीस की ‘साधने’ म्हणून एक जागा दिसेल (डावीकडे आहे, नशीब!). तिथून सगळी पानं एका फाइलमध्ये बाहेर काढता येतात. पण त्या फाइलमध्ये शब्द येतात, चित्रं येत नाहीत, चित्रांचे नुसते पत्ते येतात. नव्या जागी गेल्यावर चित्रं दिसतील आणि तू खूश होशील, पण ती जुन्या घरातूनच दिसत असतील. ३१ तारखेला जुनं घर मिटलं की सगळी चित्रं एकदम जातील. म्हणून चित्रं वेगळी उतरवून घे. पानाचा साचाही वेगळ्या फाइलमध्ये निघतो, तोही घे. आणि सगळ्यात आधी ‘घाई नाही’चा तुकडा नव्या जागी नेऊन बसव. तिथे त्याला नवा नंबर मिळेल. पानांच्या फाइलमध्ये जुन्या नंबराच्या जागी तो घाल, आणि मगच पानं आत घे. हे विसरलीस तर तुझ्याकडेही कुणीतरी अनोळखी माणूस हात पुढे करून उभा राहील.

हे कुणी शिकवलं असं विचारलं तर माझं नाव सांग. अडलीस तर ऑफिसच्याच फोनवर फोन कर, सगळ्यांसमोर उचलते.

आणि एक. साचा एकदा फाइल होऊन बाहेर आला की तो कुणालाही देता येतो. कुणालाही.

दादा सकाळी लॅपटॉप उघडतो का, तेवढं कळव. मला दुसरं काही सुचत नाहीये.

तुझी नणंद


८ एप्रिल

वन्संबाई,

आधी तुला हवं ते. उघडला! परवा सकाळी मी दूध तापवत होते, तर मागे बटणाचा तो ‘टक्’ आवाज. वळून बघितलं नाही, दूध उतू गेलं तरी बघितलं नाही. ‘राग आला तर’ हे पान लावून बसले होते. त्यातली ओळ आहे ‘दार लावा आणि ओरडा.’ उठले, दार लावलं आणि असे ओरडले की मांजर कपाटावर चढलं. मग शांतपणे चहा प्यायले.

आता बाकीचं. पेपरातल्या माझ्या फोटोवाल्या मैत्रिणीने तिच्या साइटच्या मागे आम्हाला जागा करून दिली. तू सांगितलंस त्या क्रमाने सगळं नेलं. नंबर बदलताना एकेक आकडा तीनदा तपासला, पेपर छपाईला सोडतानाही कधी एवढं तपासलं नाही. ३१ तारखेच्या संध्याकाळी जुनी साइट मिटली आणि आम्ही मंडळातले सगळे नव्या साइटकडे डोळे लावून बसलो. एकही चित्र गेलं नाही. पंजा जागच्या जागी!

आमच्या मंडळात एक शिंपीण आहे. तिच्या नवऱ्याचं उलटं आहे, त्याला डावीकडचं दिसत नाही. म्हणाली, ‘तुमच्या साहेबांची सोय झाली, माझ्या माणसाने काय करायचं?’ बरोबरच होतं तिचं, मी खजील झाले. दुसऱ्या दिवशी साचा फिरवून तिला उजवा करून दिला. तिने तो बहिणीच्या गावच्या मंडळाला दिला, त्यांनी आणखी कुणाला. काल एका परक्या भाषेतल्या साइटवर आपला पंजा बघितला. खाली काय लिहिलंय ते कळलं नाही, पण उजवी बाजू मोकळी होती.

आणि तुझ्या संस्थेची नोटीस आली! ‘सदर मांडणी ही संस्थेची मालमत्ता असून ती त्वरित काढून टाकावी.’ बघ की! फेब्रुवारीत ती कोरी वही होती, एप्रिलमध्ये मालमत्ता झाली. मी नोटीस वकीलसाहेबांना वाचून दाखवली. खूप दिवसांनी त्यांच्या भुवया तशा वर गेल्या, कोर्टात जायच्या तशा. ‘मुद्दा काय?’ म्हणाले, आणि मला कागद आणायला पिटाळलं.

उत्तर त्यांच्याच पद्धतीने गेलंय. डाव्या अर्ध्यात पंजाचं चित्र. खाली एक ओळ, ‘ही तुम्ही टाकून दिली होती.’ उजवी बाजू मोकळी. खाली वकील म्हणून त्यांची सही, डाव्या हाताची, वाकडीतिकडी, पण सही.

तुझ्यावर काही शेकलं का? खरं सांग. मला फसवायला जाऊ नकोस, तुझं अक्षर मला कळतं.

वहिनी


२२ एप्रिल

वहिनी,

शेकलं. साच्यांच्या कामावरून मला काढलं आणि तक्रारींच्या फोनवर बसवलं. खरं सांगायचं तर मजा येते. लोक फोन करून ओरडतात, ‘मदत कुठे आहे तुमच्या साइटवर?’ आणि मी म्हणते, ‘उजवीकडे. पण तुम्ही लेखी तक्रार करा. मी तुम्हाला शब्द सांगते, लिहून घ्या.’

पण ते खुर्ची काढून घेण्याआधीचं ऐक. बैठक होती, अध्यक्ष स्वतः आले होते. मी पुठ्ठा घेऊन गेले. म्हटलं, ‘अध्यक्षसाहेब, एवढा स्क्रीनच्या उजवीकडे धरता का?’ त्यांनी हौसेने धरला. म्हटलं, ‘आता आपल्याच साइटवर मदत शोधा.’ शोधत राहिले. शेवटी ‘घास अडकला तर’वर पोचले आणि स्वतःलाच अर्धे भेटले. म्हणाले, ‘हे काढा,’ आणि पाणी न पिताच उठून गेले. पानावरचे अध्यक्ष निघाले, साइट तशीच राहिली. साहेब मला म्हणाले, ‘तुम्ही संस्थेचं हसं केलंत.’

पण जाता जाता मी एक करून ठेवलं. तुझा साचा आमच्या साच्यांच्या यादीत घातला, डावा आणि उजवा, दोन्ही. दृष्टी अधू असलेल्यांच्या शाखेने लगेच उचलला. साहेबांनी यादीतून काढायला सांगितला. मी म्हटलं, ‘अवश्य. मदत शोधताना अध्यक्षांना जे दिसलं त्याचा उल्लेख करून लेखी द्या.’ अजून दिलेलं नाही.

मेमध्ये रजा मिळतेय. यायचं म्हणते. बॅग काढून पलंगाखाली सरकवली, पुन्हा काढली. मी दिसले नव्हते म्हणून वळला नाही, हे कळलं. पण दारातलं ते वाक्य त्याने झटक्याच्या कितीतरी आधी म्हटलं होतं, वहिनी. तेव्हा त्याला मी नीट दिसत होते. ‘मग येऊ नकोस’ म्हणाला होता. ते अजून लागू आहे का, एवढं त्याला विचारशील? तू उत्तर देऊ नकोस. तू मला बरं वाटावं म्हणून काहीही लिहिशील.

तुझी नणंद


३० एप्रिल

वन्सं,

मी उत्तर देत नाहीये. नुसतं काय झालं ते सांगते.

पत्र वाचून दाखवलं. पुठ्ठा धरलेल्या अध्यक्षांपाशी हसले. दारातल्या वाक्यापाशी आले आणि मी मुद्दाम आवाज खाली आणला, तर टेबलावर मूठ आपटली. पुन्हा वाचायला लावलं. मग ‘मुद्दा काय! मुद्दा काय!’ असं माझ्यावरच खेकसले, जसं काही ते वाक्य मी म्हटलं होतं. डोळ्यांना धार लागली होती. गळ्यातला मफलर काढून त्यानेच पुसले. हो, टोकाला उसवलाय. आलीस की गाठ मार.

मग लॅपटॉप उघडून ‘पाहुणे आले तर’ हे पान लावलं, कागद ओढला आणि पेन्सिल मागितली. मी हात पुढे केला तर ढकलला. अख्खी दुपार लागली. पानावरचं एकेक अक्षर बघून खाली उतरवत होते. खुर्चीचे पाय तीनच निघालेत, चौथा काढा म्हटलं तर डोळे वटारले. शेवटची ओळ मात्र आपल्या कुठल्याच पानावर नाही. मी सगळी पानं लावलीयेत, मला माहीत आहे. ती त्यांनी कुठून काढली ते त्यांनाच ठाऊक. खालचा पंजाही त्यांनी खोडून टाकलाय.

कागद सोबत जोडतेय. उजवी बाजू मोकळी आहे, तिथे काही शोधू नकोस. जे आहे ते सगळं डावीकडे, खुर्चीच्या चित्राखाली.

ये.

डावीकडे बस.

घाई कर.